परीक्षेची चिंता मोजायची तर : मानसशास्त्रीय चाचणी पहिल्यांदा हाती घेणाऱ्यांसाठी

एम.ए. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात असाल, शाळा-कॉलेजात समुपदेशक म्हणून नव्यानं रुजू झाला असाल किंवा बी.एड. करताना ‘एक चाचणी तयार करा’ असा प्रकल्प वाट्याला आला असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. संख्याशास्त्राचं नाव काढलं की मानसशास्त्राचे बरेच विद्यार्थी अंग चोरतात. तसं करायचं कारण नाही. बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ येत असलं की सुरुवातीला पुरतं. अवघड आहे ती एक सवय लावून घेणं: समोर आलेला गुण सुटा वाचायचा नाही. एखाद्या मुलीला प्रश्नावलीत ३१ गुण मिळाले, तर ते कोणाच्या तुलनेत आणि त्यात चुकीला जागा किती, हे कळेपर्यंत तिच्याबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. नागपूर विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेची चिंता किती वाटते, हे मोजणारी १० विधानांची मराठी प्रश्नावली करायची आहे. प्रत्येक विधानापुढे पाच पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बरेचदा, नेहमी. त्यांना १ ते ५ गुण. म्हणजे एकूण गुण १० ते ५० च्या दरम्यान येतील. या प्रकारच्या श्रेणीला १९३२ साली ती मांडणाऱ्या रेन्सिस लिकर्ट यांच्या नावानं ओळखतात. पुढे येणारे आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, ते कुठल्या पाहणीतले नाहीत.

पहिली पायरी: काय मोजायचं ते आधी लिहून काढा

चिंता डोळ्यांना दिसत नाही. दिसतात त्या तिच्या खुणा. म्हणून प्रश्न लिहायच्या आधी चार-पाच वाक्यांत लिहा की ‘परीक्षेची चिंता’ म्हणताना तुम्ही कशाला आत घेता आणि कशाला बाहेर ठेवता. १९६७ साली लिबर्ट आणि मॉरिस यांनी तिचे दोन भाग पाडले: डोक्यात सतत फिरणारी काळजी आणि शरीरात जाणवणारी घालमेल. दोन्ही घेणार असाल तर दोन्हींची विधानं हवीत. अभ्यासाचा कंटाळा किंवा घरच्या पैशांची विवंचना चिंतेत भर घालत असेलही, पण ती वेगळी गोष्ट आहे. ही हद्द आखली नाही, तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही नेमकं काय मोजलं ते सांगता येत नाही.

दुसरी पायरी: विधानं लिहा, आणि ती मोठ्यानं वाचून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नवोदित मंडळी विधानं एका संध्याकाळी लिहून मोकळी होतात आणि मग संगणकावर आठवडे घालवतात. उलट व्हायला हवं.

एका विधानात एकच गोष्ट विचारा. ‘मला परीक्षेची भीती वाटते आणि वाचलेलं आठवत नाही’ हे विधान भीती वाटणाऱ्या, पण सगळं आठवणाऱ्या मुलाला अडवतं. त्याची दोन विधानं करा. नकारार्थी वाक्यं टाळा. ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’ यापुढे ‘कधीच नाही’ वर खूण केली, तर नेमकं उत्तर काय झालं हे खूण करणाऱ्यालाच दोनदा वाचावं लागतं. काही विधानं उलट्या बाजूची हवीच असतील तर ‘पेपर हातात घेताना मी शांत राहू शकते’ अशी होकारार्थी लिहा आणि गुण देताना ६ मधून वजा करा, म्हणजे ५ चा १ होतो आणि २ चा ४.

मराठीत आणखी एक अडचण येते ती क्रियापदाची. ‘मी घाबरतो’ लिहिलं की मुलींना ते आपलं वाटत नाही आणि ‘घाबरतो/घाबरते’ असं तिरक्या रेघेनं लिहिलं की वाचताना अडखळायला होतं. ‘मला धडधडतं’, ‘माझ्या पोटात गोळा येतो’ अशी रचना केली की प्रश्नच मिटतो. आत्ताच दिलेलं शांत राहण्याचं विधानही ‘पेपर हातात घेताना माझं मन शांत असतं’ असं केलं तर सगळ्यांना चालतं.

भाषा पुस्तकी नको. ‘परीक्षापूर्व काळात मला उद्विग्नतेची अनुभूती येते’ हे विधान रामटेक किंवा उमरेडहून शिकायला आलेल्या बी.ए. प्रथम वर्षाच्या मुलापुढे ठेवून काही हाती लागणार नाही. त्याच्या घरी भीतीला ‘भेव’ म्हणत असतील. नागपुरात घरी हिंदी किंवा उर्दू बोलणारी आणि कॉलेजात मराठी वाचणारी मुलंही भरपूर आहेत. म्हणून पाच-सहा जणांना एकेक करून बसवा, विधान मोठ्यानं वाचायला सांगा आणि विचारा, ‘तुला यातून काय समजलं?’ इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणत असाल तर एकानं भाषांतर करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत न्यावं. दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवले की कुठे अर्थ घसरला ते दिसतं.

आता एक विधान जवळून बघू. परदेशी प्रश्नावल्यांत सापडतं तसं हे: ‘परीक्षा देताना मला खूप घाम येतो.’ वाचायला निर्दोष आहे. विद्यापीठाची हिवाळी परीक्षा असेल तर ते कामही करेल, चिंता करणारे जास्त गुण देतील आणि बाकीचे कमी. पण हेच विधान उन्हाळी परीक्षेच्या वेळी, मे महिन्यात, पारा ४५ च्या घरात असताना विचारलं तर? कूलर नसलेल्या वर्गात बसलेला प्रत्येक जण ‘नेहमी’ वर खूण करणार. अगदी निवांत मुलगासुद्धा. विधान आता चिंता करणाऱ्याला आणि न करणाऱ्याला वेगळं काढू शकत नाही. दुसरा धोका याहून वाईट आहे. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दोन्ही वेळा प्रश्नावली दिली, तर उन्हाळ्यात ‘चिंता वाढली’ असा निष्कर्ष निघेल आणि तो कुणीतरी छापेलही. वाढलं होतं ते तापमान. हे विधान काढून ‘पेपर मिळायच्या आधी माझे हात थरथरतात’ असं काही घ्या.

तिसरी पायरी: तुमचा आकडा कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

एस. एस. स्टीव्हन्स यांनी १९४६ साली मापनाच्या चार पातळ्या मांडल्या. परीक्षेचा आसन क्रमांक हे नुसतं नाव आहे, त्याची सरासरी काढणं निरर्थक. गुणवत्ता यादीतला क्रम पुढे-मागे सांगतो, पण पहिल्या आणि दुसऱ्यात किती अंतर ते सांगत नाही. थर्मामीटरच्या अंशांत अंतर सारखं असतं, पण शून्य मानलेला असतो, म्हणून ४० अंश हे २० अंशांच्या दुप्पट गरम नसतात. उत्तर द्यायला लागलेल्या सेकंदांत शून्य खरा असतो, तिथे ‘दुप्पट’ म्हणता येतं.

आपल्या प्रश्नावलीतलं एकटं विधान दुसऱ्या जातीत बसतं. ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांतलं अंतर ‘बरेचदा’ आणि ‘नेहमी’ यांतल्या अंतराइतकंच असेल याची खात्री नाही. दहा विधानांची बेरीज मात्र तिसऱ्या जातीची मानून सरासरी काढण्याची पद्धत रूढ आहे आणि माझ्या मते बेरजेपुरती ती चालवून घ्यावी. ‘४० गुणांचा मुलगा २० वाल्यापेक्षा दुप्पट चिंतेत आहे’ असं मात्र कधीही लिहू नका.

चौथी पायरी: आधी थोड्यांना देऊन बघा, कच्ची विधानं गाळा

अंतिम १० हवी असतील तर २० ते २५ विधानं लिहा आणि शंभरेक विद्यार्थ्यांना द्या. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर गुगल फॉर्म फिरवला की शंभर उत्तरं रात्रीपर्यंत जमतात, पण ती एकाच वर्तुळातली असतात. धरमपेठ, महाल, कामठी, काटोल अशा वेगवेगळ्या भागांतली दोन-चार कॉलेजं घ्या, कला-वाणिज्य-विज्ञान मिसळा. माहिती भरल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा पाहणं. कुठेतरी ५ ऐवजी ५५ दाबलं गेलेलं असतंच.

मग प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी सहसंबंध (दोन आकडे एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात ते सांगणारा, -१ ते १ मधला आकडा) काढा. तो ०.३० च्या वर असेल तर विधान राहू द्या, ०.२० च्या खाली गेला तर पुन्हा वाचून बघा. घामाचं विधान मे महिन्यात इथेच पकडलं गेलं असतं. सगळ्यांनी ५ दिले की त्याचा कशाशीच संबंध उरत नाही.

बरोबर-चूक उत्तरांची चाचणी, म्हणजे बुद्धिमत्तेची किंवा विषयज्ञानाची, करत असाल तर दोन आकडे पाहतात. शंभरांपैकी ६० जणांनी प्रश्न बरोबर सोडवला तर त्याची काठिण्यपातळी ०.६०. आणि एकूण गुणांनुसार वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के वेगळे काढून, वरच्या २७ जणांत २२ बरोबर आणि खालच्या २७ जणांत ९ बरोबर असतील, तर १३ भागिले २७, म्हणजे ०.४८ हा भेददर्शक निर्देशांक. हा चांगला आहे. तो ऋण आला, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि कच्ची बरोबर आली, तर बहुतेक वेळा उत्तरसूचीतच चूक सापडते.

पाचवी पायरी: विश्वसनीयता

तीच चाचणी त्याच माणसाला पुन्हा दिली तर साधारण तोच गुण येतो का? दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा देऊन दोन्ही गुणांचा सहसंबंध काढणं ही सरळ पद्धत. आपल्या विषयात यात एक मेख आहे. परीक्षा जवळ येते तशी चिंता खरोखरच वाढते, त्यामुळे दोन्ही वेळा परीक्षेपासून सारख्याच लांब असलेल्या निवडाव्या लागतात.

एकाच वेळच्या उत्तरांवरून विश्वसनीयता काढायची तर क्रोनबाख यांचा अल्फा वापरतात. ली क्रोनबाख यांचा तो लेख १९५१ चा. बरोबर-चूक प्रश्नांसाठी हेच काम करणारं कूडर-रिचर्डसन यांचं सूत्र १९३७ चं. अल्फा हातानं एकदा तरी काढून बघा. समजा प्रत्येक विधानाचं प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप), काढून बेरीज केली आणि ती १२ आली. एकूण गुणांचं प्रचरण ४८ आलं. १२ भागिले ४८ म्हणजे ०.२५. ते १ मधून वजा केलं की ०.७५. विधानं १०, म्हणून १० भागिले ९ नं गुणा. उत्तर ०.८३. विधानं एकमेकांबरोबर वर-खाली होत असतील तर एकूण प्रचरण सुट्या प्रचरणांच्या बेरजेपेक्षा बरंच मोठं होतं आणि अल्फा वर जातो. सूत्रात आहे ते एवढंच.

संशोधनासाठी ०.७० च्या वर चालतं असा रिवाज आहे. एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर मी तरी ०.९० च्या आसपास मागेन. अल्फा वाढवण्यासाठी तेच विधान शब्द बदलून चार वेळा लिहिण्याचा मोह होतो. त्यातून आकडा फुगतो, माहिती वाढत नाही.

सहावी पायरी: गुणाभोवती पट्टा आखा

विश्वसनीयतेचा आकडा अहवालात लिहून पुढे जाणारे पुष्कळ असतात. खरा उपयोग इथून पुढे आहे. एकूण गुणांचं प्रचरण ४८, म्हणजे प्रमाण विचलन ४८ चं वर्गमूळ, साधारण ६.९. आता १ मधून ०.८३ वजा करा, ०.१७. त्याचं वर्गमूळ ०.४१. त्याला ६.९ नं गुणा. आलं साधारण २.८. ही मापनाची प्रमाण त्रुटी. ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ नं गुणा, म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण ५.५.

आता सुरुवातीला सांगितलेली ३१ गुणांची मुलगी घ्या. तिचा गुण ३१ असा न लिहिता ‘साधारण २५ ते ३७’ असा लिहायचा. शेजारच्या मुलाला २८ मिळाले असतील, तर तिची चिंता त्याच्यापेक्षा जास्त आहे असं म्हणायला काहीही आधार नाही, कारण दोघांचे पट्टे एकमेकांवर चढलेले आहेत.

समुपदेशकांनी तर ही पायरी पाठच करावी. तुम्ही चार सत्रं घेतली, नंतर पुन्हा प्रश्नावली दिली आणि ३१ चे २७ झाले. आनंद होतो, साहजिक आहे. पण दोन मापनांतल्या फरकात दोन्ही वेळच्या त्रुटी मिसळतात. २.८ ला २ च्या वर्गमूळानं, म्हणजे १.४१ नं गुणलं की ४ येतात, आणि १.९६ नं गुणलं की साधारण ८. म्हणजे गुण किमान ८ नं उतरला तरच तो बदल मापनाच्या चुकीपलीकडचा आहे असं म्हणता येईल. ४ गुणांची उतरण खरी असू शकते, पण या १० विधानांवर ती सिद्ध होत नाही. पालकांना सांगताना हे असंच सांगा. विधानं वाढवली की विश्वसनीयता वाढते आणि पट्टा अरुंद होतो. ०.६० विश्वसनीयतेची चाचणी तशाच दर्जाची विधानं घालून दुप्पट लांब केली, तर स्पिअरमन-ब्राऊन सूत्रानुसार ती ०.७५ होते.

सातवी पायरी: वैधता

समजा कुणी घाम, तहान, डोकं जड होणं, रात्री झोप न लागणं अशी दहा विधानं घेतली आणि मे महिन्यात प्रश्नावली दिली. ज्यांच्या घरी आणि वर्गात उकाडा जास्त ते सगळ्याच विधानांना ‘नेहमी’ म्हणतील, ज्यांच्याकडे एसी ते ‘क्वचित’ म्हणतील. विधानं एकमेकांशी छान जुळतील, अल्फा ०.८५ सुद्धा येईल, आणि मोजला जाईल तो नागपूरचा उन्हाळा. विश्वसनीयता असून वैधता, म्हणजे जे मोजायचं तेच मोजलं जाणं, नसणं म्हणजे हे.

म्हणून पुरावे गोळा करावे लागतात. विषयाच्या जाणकार तीन-चार प्राध्यापकांना विधानं दाखवून पहिल्या पायरीतली हद्द पाळली आहे का ते विचारा. आधीपासून मान्य असलेल्या चिंतेच्या चाचणीशी सहसंबंध काढा, तो बऱ्यापैकी यायला हवा. ज्याच्याशी संबंध नसावा अशा गोष्टीशी, इथे घरात कूलर असण्या-नसण्याशी, तो जवळपास शून्य यायला हवा. ही शेवटची तपासणी फारसं कुणी करत नाही आणि बरेचदा तीच जास्त बोलकी ठरते.

आठवी पायरी: मानके

नागपुरात सीईटीचा निकाल लागला की घराघरांत एक गोंधळ होतो. मुलाला ९२ पर्सेंटाइल मिळाले की आजी-आजोबा ९२ टक्के समजून पेढे वाटतात. पर्सेंटाइल, म्हणजे शततमक, सांगतो तो फक्त क्रम: शंभरातले साधारण ९२ जण याच्याइतके किंवा याच्यापेक्षा कमी गुणांचे आहेत. पेपरात किती प्रश्न बरोबर आले ते त्यात नाही. आणि त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. गुणांची विभागणी घंटेच्या आकाराची असेल तर ५० वरून ६० वर जायला पाव प्रमाण विचलन पुरतं, ९० वरून ९९ वर जायला एकाहून थोडं जास्त लागतं.

आपल्या प्रश्नावलीची सरासरी २८ आणि प्रमाण विचलन ६.९ धरा. ३१ मधून २८ वजा, ३. भागिले ६.९, साधारण ०.४३. हा झेड गुण. त्याला १० नं गुणून ५० मिळवले की टी गुण ५४. शततमक साधारण ६७. म्हणजे ती मुलगी सरासरीच्या थोडी वर आहे, बस. बुद्ध्यंकही असाच तुलनात्मक आकडा आहे, आजच्या बहुतेक चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरलेलं असतं.

मानके, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते गटाचे आकडे, शिळी होतात. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने-सायमन चाचणीचं मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केलं ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, आणि बिने-कामत चाचणी त्यानंतर कितीतरी दशकं वापरात राहिली. ते काम मोठं होतं. पण जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिलं की अनेक देशांत बुद्धिमत्ता चाचण्यांवरचे सरासरी गुण पिढीगणिक वाढत गेले. जुन्या पिढीच्या सरासरीशी आजच्या मुलाची तुलना केली की त्याचा बुद्ध्यंक फुगून दिसतो. कुठलीही चाचणी उचलली की आधी पुस्तिका उघडून पाहा: मानके कोणत्या साली, कोणत्या भागातल्या, कोणत्या वयाच्या किती मुलांवर काढली. पुस्तिका नसलेली, नुसती झेरॉक्स करून हातोहात फिरणारी प्रश्नपत्रिका वापरू नका. तिचे हक्क कुणाचे तरी असतात, आणि मानकांशिवाय तिच्यातला गुण वाचताही येत नाही.

नववी पायरी: दोन गटांची तुलना

शहरातले ५० आणि तालुक्याच्या कॉलेजातले ५० विद्यार्थी घेतले. सरासरी २८ आणि ३१, दोन्हीकडे प्रमाण विचलन ६.९. दोन सरासऱ्यांतल्या फरकाची प्रमाण त्रुटी (६.९ गुणिले २/५० चं वर्गमूळ) येते १.३८. ३ भागिले १.३८, म्हणजे टी साधारण २.१७. ही टी चाचणी डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं मांडली. ९८ स्वातंत्र्य मात्रांसाठी (दोन्ही गटांचे मिळून १०० विद्यार्थी, वजा २) सीमारेषा १.९८ आहे, त्यामुळे फरक ०.०५ पातळीवर सार्थ ठरतो.

याचा अर्थ एवढाच: दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांत प्रत्यक्षात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता शंभरात पाचापेक्षा कमी आहे. ‘माझं गृहीतक ९५ टक्के खरं आहे’ असा अर्थ होत नाही. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. फरक किती मोठा, तेही लिहा: ३ भागिले ६.९, म्हणजे ०.४३. मध्यमापेक्षा थोडा कमी. तालुक्यातल्या विद्यार्थ्यांपैकी साधारण एक तृतीयांश शहराच्या सरासरीच्याही खाली असतील. त्यामुळे कॉलेजचं नाव पाहून एखाद्या मुलाच्या चिंतेचा अंदाज बांधता येत नाही. आणि निष्कर्ष लिहिण्याआधी परत दुसऱ्या पायरीवर जा. एखादं विधान तालुक्याच्या केंद्रावर वेगळ्या कारणानं जास्त गुण मिळवत नाही ना?

हे सगळं एक्सेलमध्ये होतं. जामोवी, जॅस्प आणि आर ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. पण पहिल्या वेळी अल्फा आणि टी कागदावर काढा, म्हणजे पडद्यावर भलताच आकडा आला तर खटकेल.

दहावी पायरी: माणसांशी वागताना

उत्तरं देण्याआधी संमती घ्या, १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांचीही. नाव न लिहिता क्रमांक वापरा. अहवालात ‘गुण ३१, पट्टा साधारण २५ ते ३७, याच विद्यापीठाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत सरासरीच्या आसपास’ असं लिहा. ‘चिंताग्रस्त’ असा शिक्का मारू नका. निदान करणं हे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचं किंवा मनोविकारतज्ज्ञाचं काम आहे, एका प्रश्नावलीचं नाही.

आणि एखाद्यानं कागदाच्या कडेला जगणं नकोसं झाल्याचं काही लिहिलं, तर गुणांची बेरीज बाजूला ठेवा. त्याच दिवशी त्याच्याशी बोला, त्याला एकटं सोडू नका, कॉलेजच्या समुपदेशकाला आणि तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवा. केंद्र सरकारची टेली मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. हा क्रमांक प्रश्नावलीच्या शेवटच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असा, आधीच छापून ठेवा.